लेन्स फोकस धरत नाही तेव्हा

कॅमेऱ्याची लेन्स फोकस धरत नाही, या एका तक्रारीखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. कधी लेन्स पुढेमागे धावत राहते आणि कुठेच थांबत नाही. कधी ती थांबते, पण चुकीच्या जागी. कधी ती हलतच नाही. आणि कधी ती बरोबर जागी थांबते, तरी चित्र धुरकटच येते. चारही प्रकारांची कारणे वेगळी, इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा. पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र या चारही तक्रारींचा निकाल एका वाक्यात लागतो: ‘लेन्स गेली, नवी घ्या.’ हे वाक्य खरे ठरण्याचे प्रसंग ते ऐकू येण्याच्या प्रसंगांपेक्षा बरेच कमी आहेत.

लेन्समधल्या काचांचा एक गट पुढेमागे सरकला की फोकस बदलतो. जुन्या हाती लेन्समध्ये हे काम आट्यांची नळी करी. रिंग फिरवली की नळी आट्यांवरून पुढे येई. १९७७ साली कोनिकाचा सी-३५ एएफ हा छोटा कॅमेरा आणि १९८५ साली मिनोल्टा ७००० आला, तेव्हापासून काच सरकवण्याचे काम हळूहळू मोटरकडे गेले. मिनोल्टाने ही मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत बसवली, निकॉननेही सुरुवातीला तोच मार्ग धरला. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणताना ती प्रत्येक लेन्समध्ये घातली. हा फरक इतिहासजमा झालेला नाही. सेकंड हँड बाजारात त्याचा फटका अजून बसतो. निकॉनने २००६ च्या डी-४० पासून स्वस्त बॉड्यांमधली मोटर काढून टाकली. डी-३००० किंवा डी-५००० मालिकेतल्या बॉडीवर जुनी ‘डी’ प्रकारची ५० एमएम लेन्स लावली, तर फोटो निघतो, पण फोकस आपोआप हलत नाही. लेन्स ठणठणीत असते. बॉडीत तिला फिरवणारे काही नसते. ती परत करून तशीच दुसरी आणणाऱ्याला दुसरीही ‘बिघडलेली’च मिळते.

म्हणून पहिली तपासणी लेन्सच्या आतली नव्हे, तिच्या भोवतालची. लेन्सवरचे एएफ-एमएफचे बटण बॅगेत घासून एमएफवर सरकणे, हा नेहमीचा ‘बिघाड’. त्याच्या जोडीला किमान अंतराचा प्रश्न: कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्सला ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करताच येत नाही, आणि तिच्या आधीच्या, १९९० साली आलेल्या आवृत्तीला ४५ सेंटिमीटरच्या आत. मंगळसूत्राच्या वाट्या किंवा हातावरची मेंदी टिपायला फोटोग्राफर त्याहून जवळ गेला की लेन्स गुरगुरते आणि हार मानते. मोठ्या टेलिफोटोवर फोकसची मर्यादा ठरवणारे वेगळे बटण असते. फणसाडच्या जंगलात उंच फांदीवरच्या शेकरूसाठी ते दूरच्या अंतरावर ठेवले आणि तसेच राहिले, तर पुढ्यातल्या झुडपावरचे फुलपाखरू काही केल्या धारदार दिसत नाही.

यानंतर कॉन्टॅक्ट. लेन्सच्या मागच्या कड्यावरचे छोटे सोनेरी ठिपके कॅमेऱ्याशी बोलतात. त्यांवर घामाचा, खाऱ्या हवेचा थर बसला की संवाद मध्येच तुटतो, आणि कॅननच्या बॉडीवर ‘एरर ०१’ झळकतो. कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून ते पुसावेत. पॉलिश पेपर तर लावूच नये. खोडरबराने घासण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे, पण रबराचा चुरा बॉडीत पडून सेन्सरवर जाऊन बसतो, म्हणजे एक दुखणे घालवताना दुसरे विकत घेतल्यासारखे होते.

आता लेन्स स्वतः. बटण एमएफवर करून रिंग हाताने फिरवावी आणि दूरची एखादी गोष्ट, म्हणजे डोंगराची धार किंवा मोबाइलचा टॉवर, मागच्या स्क्रीनवर मोठी करून पाहावी. हाताने फोकस स्वच्छ येत असेल तर काचा जागेवर आहेत, दोष मोटरीत किंवा तारांत आहे. रिंग करकरत असेल तर आत वाळू आहे. चित्राची एक बाजू धारदार आणि दुसरी कायम मऊ राहत असेल, तर पडल्यामुळे एखादी काच तिरपी झाली आहे. येथे एक फसगत टाळावी: एसटीएम प्रकारच्या लेन्समध्ये रिंगचा काचेशी थेट सांधा नसतो, रिंग फक्त मोटरीला इशारा देते. कॅमेरा बंद असताना ती कितीही फिरवली तरी फोकस हलणार नाही. ती जाम झालेली नसते.

लेन्स थांबते पण चुकीच्या जागी, या तक्रारीचा उलगडा मात्र एकट्या लेन्सकडे पाहून होत नाही. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली, वेगळ्या जागी असतो. तो आणि मुख्य सेन्सर यांच्या अंतरात किंचित फरक पडला की फोकस सतत पुढे किंवा मागे पडतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून तेच दृश्य एकदा वरच्या काचेतून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने टिपावे. लाइव्ह व्ह्यूचा फोटो धारदार आणि दुसरा मऊ आला, तर लेन्सची मोटर आणि काचा दोन्ही ठीक आहेत. फक्त जुळणी बिघडली आहे. मध्यम व वरच्या दर्जाच्या बॉड्यांत ही जुळणी मेनूतूनच करता येते. स्वस्त बॉड्यांत ती सोय कंपन्यांनी ठेवलेली नाही, आणि तालुक्याच्या गावी बहुतेक हौशी आणि नवशिके फोटोग्राफर याच बॉड्या वापरतात. ज्याला सोयीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती नाकारलेली. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात हा दोष जवळपास उद्भवतच नाही, कारण तेथे फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो.

या चाचणीसाठी पेणला उत्तम साधन हाताशी आहे. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या कारखान्यांत गणेशमूर्ती रांगेने उभ्या असतात, आणि व्यापाऱ्यांना पाठवायला त्यांचे फोटो काढावे लागतात. मूर्तीत खोलीचे टप्पे आपोआप मिळतात: सर्वांत पुढे सोंड, तिच्या मागे डोळे, त्यामागे कान, शेवटी प्रभावळ. फोकसचा ठिपका डोळ्यांच्या आखणीवर ठेवून लेन्स पूर्ण उघडी, एफ/१.८ वर, दोन मीटरवरून फोटो घ्यावा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्सने अशा वेळी जेमतेम ११ ते १२ सेंटिमीटर खोली धारदार येते. सोंड रेखीव आणि डोळे मऊ आले, तर फोकस पुढे पडतो आहे. डोळे मऊ आणि प्रभावळीची नक्षी रेखीव आली, तर मागे. पापणीची काळी रेघ कारागिराच्या एका फटकाऱ्याची असते. ती पसरट दिसली की दोष लगेच नजरेत भरतो. तीच मूर्ती एफ/८ वर टिपली तर अर्धा मीटर खोली धारदार येते आणि दोष झाकला जातो. ज्याचे सारे काम मूर्तींच्या कॅटलॉगचे आहे, त्याने अशा लेन्सवर पैसे न घालता एफ/८ वर, तिपाईवर काम करावे, हे व्यवहाराला धरून होईल.

याच कारखान्यांत एक खोटा बिघाडही भेटतो. रंग न दिलेल्या कोऱ्या पांढऱ्या मूर्तीच्या पोटावर किंवा मांडीवर ठिपका ठेवला की लेन्स पुढेमागे धावत सुटते. स्वयंचलित फोकसला उजेड-सावलीचा फरक लागतो, आणि सपाट पांढऱ्या पृष्ठभागावर तो नसतोच. ठिपका मुकुटाच्या कोरीव कडेवर नेला की त्याच लेन्सला क्षणात फोकस मिळतो. रोह्याला दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि अंधार पडल्यावर गुलाल व गर्दीत अनेकांच्या लेन्स अशाच भरकटतात. तेथेही दोष लेन्सचा नसून उजेडाचा असतो. झूम केल्यावर किट लेन्सचे तोंड एफ/५.६ पर्यंतच उघडते, आणि तेवढ्या उजेडात फोकसच्या सेन्सरला काही दिसत नाही.

खरा शत्रू मात्र बुरशी. जिला धंद्यात सगळे फंगस म्हणतात, ती रायगडात लेन्सचा जितका घात करते तितका पडझडही करत नसेल. जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५-७० टक्के पुरतात. बाकी खुराक म्हणजे बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि अंधार, आणि तो बॅगेत तयारच असतो. त्यात पंचांगाची भर पडते. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. पेणमध्ये निदान गणपतींच्या कामामुळे कॅमेरा पावसातही बाहेर निघतो. केवळ लग्नसराईवर चालणाऱ्याची लेन्स मात्र नेमक्या सर्वांत दमट महिन्यांत बंद बॅगेत पडून राहते. दोष लक्षात येतो कार्तिकात, पहिली तारीख आठवड्यावर आली असताना. तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो आणि नवी लेन्स घेतली जाते. म्हणजे अनेकदा लेन्स बदलण्याचा निर्णय बिघाड किती मोठा आहे यावर होतच नाही. तो केव्हा दिसला यावर होतो.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेच्या कडेपासून आत पसरते. सुरुवातीला फोटोत काहीच कळत नाही. मग समोरून उजेड आला की चित्र पांढुरके पडू लागते, कॉन्ट्रास्ट घटतो, आणि ज्या फरकावर फोकस अवलंबून तोच कमी झाल्याने लेन्स धावू लागते. बुरशीतून निघणारी आम्ले आधी काचेवरचा लेप खातात आणि पुढे काचही. लवकर उघडून पुसली तर लेन्स पूर्ववत होते. लेप खाल्ला गेला असेल तर बुरशी जाते, डाग राहतात. दोन काचा चिकटवून केलेल्या जोडीच्या मधोमध ती शिरली, तर साध्या दुरुस्तीने निघत नाही. अशी लेन्स बदलावीच. लेन्स उन्हात ठेवण्याच्या उपायाने बुरशी काही प्रमाणात मरते, पण तिची जाळी तशीच राहते आणि उष्णतेने आतले वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरणे तर निव्वळ धूळ भरणे आहे. रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढ्यात काम होते. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. डब्याचा खर्च एका साफसफाईच्या खर्चापेक्षाही कमी येतो. नवी लेन्स घेऊन ती त्याच जुन्या कापडी बॅगेत ठेवणारा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दुकानात दिसणार.

उरले यांत्रिक आणि विजेचे बिघाड. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी जोडपी काशीद, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नेली जातात, आणि तेथे झूमच्या फटीतून वाळू शिरते. अशा वेळी रिंग फिरवणे तत्काळ थांबवावे, कारण प्रत्येक फेरी आतले आटे खरवडते. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगचे फोटो काढताना उडालेले गोडे पाणी वेळेत वाळवले तर लेन्स वाचू शकते. समुद्राचे पाणी आत गेलेली लेन्स बहुधा वाचत नाही. मीठ सर्किट खात राहते. किट झूममध्ये आतली चपटी तार, म्हणजे फ्लेक्स केबल, झूमच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकते आणि काही वर्षांनी तुटते. पडल्यावर स्वस्त ५० एमएमचे प्लॅस्टिकचे दात मोडतात. महागड्या टेलिफोटोत मोटर झिजते.

बिघडलेली लेन्स घरी उघडावी का? व्हिडिओ पाहून अनेक जण उघडतात. जपानी स्क्रूंचा खाचा साध्या फिलिप्स स्क्रूसारखा दिसतो, पण वेगळा असतो. साध्या पेचकसाने तो सोलला जातो आणि मग स्क्रू निघतही नाही, बसतही नाही. त्याहून मोठा धोका पातळ चकत्यांचा. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफमध्ये ४६.५ मिलिमीटर ठरलेले आहे, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवायला कारखान्यात या चकत्या घातलेल्या असतात. एक चकती इकडची तिकडे झाली की फोकस कायमचा भरकटतो. हात बसवायचा असेल तर आधीच टाकाऊ झालेल्या किट लेन्सवर बसवावा.

दुरुस्तीची जागा म्हणजे मुंबई, फोर्टातला बोरा बाजार आणि आसपासच्या गल्ल्या. रोह्याहून दिवा गाडीने किंवा पेणहून एसटीने पनवेल गाठून लोकलने जायचे; द्यायला एक खेप, आणायला दुसरी. दुरुस्तीचा खर्च मोजताना या दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि मधल्या तारखांना भाड्याने घेतलेली लेन्स धरावी लागते. मुंबईकराला जी दुरुस्ती परवडते ती रोहेकराला परवडत नाही, याचे कारण बिघाडात नाही, अंतरात आहे. हे सर्व धरून येणारा आकडा त्याच लेन्सच्या सेकंड हँड किमतीच्या निम्म्याखाली राहत असेल, तर दुरुस्ती करावी. तुलना सेकंड हँड किमतीशीच करावी, कारण दुरुस्त लेन्स बाजारात त्याच भावाची असते. या हिशेबात १८-५५ किट लेन्स आणि स्वस्त ५० एमएम दुरुस्तीच्या बाहेर जातात, तर ७०-२०० एफ/२.८ सारखी लेन्स जवळपास नेहमी आत येते. जुन्या हाती लेन्सही आत येतात: त्यांत सर्किट नसते, वाळलेले ग्रीस बदलले की त्या पुन्हा चालू लागतात.

ही दुरुस्ती पेणला का होत नाही? कौशल्य नाही, हे उत्तर टिकणारे नाही. बारीक हाताचे काम करणारी माणसे या तालुक्यात घरोघरी आहेत. आणि महाराष्ट्रात यंत्र खोलून समजून घेण्याची परंपरा कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे: कोल्हापुरात आनंदराव पेंटरांनी सुरू केलेले देशी चलच्चित्र कॅमेऱ्याचे काम त्यांच्या निधनानंतर बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी पूर्ण केले, आणि त्यातून १९२० चा ‘सैरंध्री’ उभा राहिला. खरी अडचण सुट्या भागांची आणि माहितीची आहे. निकॉनने अमेरिकेत २०१२ साली स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणे थांबवले आणि २०२० साली अधिकृत दुरुस्तीकेंद्रांचा कार्यक्रमही गुंडाळला. जेथे बाजार एवढा मोठा, तेथे ही गत. मग रोह्याच्या मेकॅनिकला फ्लेक्स केबल कोण देणार? कंपन्यांचा युक्तिवाद असा की काचांची जुळणी खास उपकरणांशिवाय होत नाही. काचांपुरता तो खरा आहे. तार, मोटर, बटण, कॉन्टॅक्ट यांना तो लागू होत नाही, आणि बिघाडांचा मोठा वाटा याच भागांचा असतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू केले. त्यासाठी चार क्षेत्रे ठरली: शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. कॅमेरा व लेन्स यांना त्यात स्वतंत्र जागा हवी, कारण गावोगावच्या स्टुडिओंसाठी लेन्स ही चैन नसून अवजार आहे. ट्रॅक्टरला जो न्याय, तोच तिला.

बदलायचीच ठरली, तर माउंटचा विचार आधी करावा. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ साली आपले नवे मिररलेस माउंट आणले. कॅननची जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर स्वयंचलित फोकससह चालते, त्यामुळे आज सेकंड हँड ईएफ घेणे पैसे बुडवणे नाही. निकॉनच्या मोटर नसलेल्या जुन्या लेन्स मात्र कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवरही हातानेच फोकस कराव्या लागतात. सेकंड हँड लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बुरशी पाहावी, आणि शक्य तर पावसाळ्यानंतर घ्यावी, म्हणजे पावसाळ्याने केलेले नुकसान विकणाऱ्याच्या खात्यात राहते.

वॉरंटीतल्या लेन्सचा फोकस बिघडला आणि कंपनीने हात वर केले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू वगळलेली नाही. एकटा स्टुडिओ चालवणारा फोटोग्राफर त्यामुळे ग्राहकच ठरतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पेण-रोहेकरांसाठी अलिबागच्या जिल्हा आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्यासाठी बिल, सीरियल नंबर आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट जपून ठेवावी. बुरशी सहसा वॉरंटीत धरली जात नाही.